माहुलीचा वेढा : थोरांचें वैर आणि धाकट्यांचें राजकारण

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी आसनगांवाजवळ आली म्हणजे डाव्या हातास एक रुंद, दातेरी डोंगर दिसूं लागतो. शहापूर तालुक्यांतील लहान मुलासही त्याचें नांव ठाऊक असतें. हा माहुली किल्ला. उंची सुमारें २,८०० फूट. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे त्याचे तीन भाग. आणि कडेला जे सुळके उभे आहेत त्यांतील एकास लोक वजीर म्हणतात. सुटीच्या दिवशीं मुंबईकडील तरुण मंडळी येथें चढावयास येतात, छायाचित्रें काढतात आणि संध्याकाळच्या गाडीनें परत जातात. इ. स. १६३६ सालीं ह्याच डोंगरावर एका राज्याचा शेवट झाला आणि दक्षिणेंतील दोन मोठ्या सत्तांमधलें कुंपण मोडलें, ही गोष्ट त्यांतील फारच थोड्यांच्या कानांवर आलेली असते. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. आमच्या क्रमिक पुस्तकांत त्या प्रसंगास चार ओळींपलीकडे जागा नसे, आणि त्या चार ओळीही आम्ही घाईनेंच शिकवीत असूं.

मोठीं राज्यें एकमेकांशीं वैर धरून असलीं म्हणजे त्यांच्या आश्रयानें राहणाऱ्या लहानांचें काय होतें, हा प्रश्न हल्लीं वर्तमानपत्रांतून रोज चर्चिला जातो. सामान्य समजूत अशी कीं, मोठा सांगतो व लहान ऐकतो. कौटिल्यासारख्या कसलेल्या पुरुषास ही समजूत मान्य नव्हती. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं त्याचें अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्यांतील मंडलाची कल्पना पुष्कळांस ऐकून माहीत आहे : लगतचा शेजारी तो अरि, त्याच्या पलीकडचा तो मित्र. परंतु त्या मंडलांत दुर्बळांसही जागा नेमलेल्या आहेत. त्यांत ‘अंतर्धि’ म्हणून एक राजा सांगितला आहे. विजिगीषु आणि त्याचा शत्रु ह्यांच्या मध्यें त्याचा प्रदेश. स्वतःचें बळ बेताचें. मात्र पाठीशीं एखादा दुर्ग किंवा अरण्य. असा राजा बलवंताच्या वाटेंतला अडसर होऊन बसतो. माहुलीच्या पायथ्याशीं उभें राहून ही व्याख्या वाचावी. दुर्गही समोर आहे आणि अरण्यही.

एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस ह्यासाठीं कौटिल्याची साक्षही नको. ज्या घरांत दोन थोरले भाऊ एकमेकांशीं बोलत नाहींत, तेथें धाकट्याचा मान अकस्मात् वाढतो. दोघेही त्यास जवळ बोलावतात, दोघेही त्याचें मत विचारतात. मात्र ते दोघे एके दिवशीं ओसरीवर एकत्र बसले, कीं पहिली वाटणी निघते ती धाकट्याच्या खोलीची.

आतां मूळ हकीकत. अहमदनगरची निजामशाही मलिक अंबरानें आपल्या हयातींत सांभाळली. १६२४ सालीं भातवडीस मोगल व आदिलशहा ह्या दोघांच्या एकवटलेल्या फौजांचा त्यानें पराभव केला. त्या लढाईंत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले व त्यांचे बंधु शरीफजी पडले. १६२६ त अंबर वारला आणि राज्याचा कणाच गेला. १६२९ त शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव ह्यांचा खुद्द निजामशहाच्या दरबारीं दौलताबादेस खून झाला. पुढल्या वर्षीं राजे मोगलांकडे गेले, मोठी मनसब मिळाली. परंतु त्यांस दिलेला मुलूख बादशहानें मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान ह्यास परत देऊन टाकला, तेव्हां १६३२ त त्यांनीं तीही चाकरी सोडली. १६३३ च्या जून महिन्यांत दौलताबाद पडलें, हुसेन निजामशहा ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत बंदिवान झाला, आणि दिल्लीच्या दप्तरापुरती निजामशाही संपली.

शहाजीराजांनीं ती संपूं दिली नाहीं. संगमनेराजवळील पेमगिरीच्या किल्ल्यावर त्याच घराण्यांतील मुर्तझा नांवाचा एक अल्पवयी मुलगा त्यांनीं गादीवर बसविला आणि त्याच्या नांवानें कारभार सुरू केला. जुन्नर, संगमनेर, नाशिक-त्र्यंबकाकडील टापू आणि घाटाखालचें उत्तर कोंकण असा मुलूख त्यांच्या हातीं होता. जुन्नर व कल्याण हीं दोन टोकें ज्याला राखावयाचीं, त्याला मधली वाट सोडून चालत नाहीं. ती वाट म्हणजे आमचा मुरबाड तालुका. सातवाहनांच्या काळीं ज्या नाणेघाटानें व्यापाऱ्यांचे तांडे चढत, तोच घाट ह्या वेळीं फौजांस व रसदेस उपयोगी पडला असला पाहिजे, कारण त्याच्या माथ्यावरचा जीवधन किल्ला राजांकडेच होता.

ह्या उद्योगास विजापूरकरांचें साह्य होतें. मुरार जगदेव हा आदिलशाही मुत्सद्दी उघडपणें शहाजीराजांच्या पाठीशीं उभा होता. विजापूरचा हिशेब साधा होता : मध्यें निजामशाहीचें कुंपण उभें राहील तोंवर मोगल आपल्या अंगणांत येत नाहीं. पण येथेंच प्रश्न पडतो कीं, कोण कोणाला चालवीत होतें? नांव मुलाचें, बळ विजापूरचें आणि बेत शहाजीराजांचे. १६३४ त परांड्याचा वेढा मोगलांस उठवावा लागला आणि त्याच वर्षीं दौलताबाद जिंकणारा महाबतखान वारला. एका सरदाराच्या धडपडीमुळें विजापूर अशा युद्धांत ओढलें गेलें, कीं त्यांतून त्यास सुखासुखी माघार घेतां येईना.

असें आजच्या काळींही घडतें. १९५० सालीं कोरियाचें युद्ध पेटलें त्याआधीं उत्तरेकडील किम इल-सुंग ह्यानें मॉस्कोस जाऊन स्टालिनची संमति मिळविली होती. ती भीड घालणारा धाकटा होता, थोरला नव्हे. आणि १९५३ त अमेरिका युद्ध थांबविण्याच्या बेतांत असतां दक्षिणेकडील सिंगमन री ह्यानें तिला न विचारतां सुमारें २७,००० युद्धकैदी एकाएकी सोडून देऊन तहाची बोलणीं मोडकळीस आणलीं. अमेरिका संतापली, पण त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तिनें त्याच्याशीं संरक्षणाचा करार केला. दुबळ्याचें हत्यार असें असतें : मी बुडालों तर तुमचीही अब्रू बुडेल.

शहाजीराजांपाशींही तेंच हत्यार होतें. तें कोठें बोथट झालें, तें आतां पाहूं. १६३५ सालीं विजापूरच्या दरबारी भांडणांत खवासखान आणि मुरार जगदेव दोघेही मारले गेले. राजांचा आधारच तुटला. १६३६ च्या आरंभीं शहाजहान बादशहा स्वतः दक्षिणेंत उतरला आणि त्याच्या तीन फौजा आदिलशाही मुलखांत शिरल्या. गांवें जळालीं, माणसें धरून नेलीं. राजधानी वांचविण्यासाठीं विजापूरकरांनीं शहापूरच्या तलावाचा बांध फोडून सभोंवारचा प्रदेश पाण्याखालीं घातला. (तें शहापूर विजापुराजवळचें, आमचें नव्हे. आमच्या शहापुराचें पाणी तानसा व भातसा येथें अडवून मुंबईस जातें आणि उन्हाळ्यांत आमच्या पाड्यांवर टँकर येतो. थोर शेजाऱ्याचा आणखी काय दाखला द्यावा!)

मे १६३६ मध्यें तह झाला. आदिलशहानें बादशहाचें वर्चस्व मान्य केलें, वीस लाख रुपये खंडणी कबूल केली, आणि मोबदल्यांत निजामशाहीचा वीस लाख होन उत्पन्नाचा मुलूख त्याच्या पदरांत पडला. त्यांत कोंकणही आलें. गोवळकोंड्याच्या कुतुबशहासही त्याच सुमारास नमावें लागलें. त्याच्या राज्यांत खुतब्यामध्यें इराणच्या शहाचें नांव घेत, तें काढून शहाजहानचें घालावें लागलें. म्हणजे ह्या डावांत दूर इस्पहानचीही सोंगटी होती. विजापूरच्या तहांत शहाजीराजांविषयीं स्वतंत्र कलम होतें : त्यांनीं जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मोगलांच्या हवालीं केल्याशिवाय आदिलशहानें त्यांस चाकरींत घेऊं नये. दोघे थोरले ओसरीवर बसले होते.

पुढचे महिने पाठलागाचे. मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान, दोघे मिळून राजांच्या मागें लागले. काल ज्या दरबारानें पाठ थोपटली, त्याचीच फौज आज मागावर होती. पावसानें नद्या भरल्या म्हणून खानजमानास कांहीं काळ थांबावें लागलें, तेवढाच काय तो विसांवा. राजे घाट उतरून कोंकणांत गेले व पोर्तुगीजांकडे आश्रय मागितला. तो मिळाला नाहीं. पोर्तुगीज दर्यावर बळकट होते. पण खुष्कीवरच्या दोन सत्ता एक झालेल्या पाहून एका पाहुण्यासाठीं त्यांचा रोष कोण पत्करील? तेव्हां राजे परत फिरले व माहुलीवर चढले. मोगल फौजेनें किल्ला घेरला, रणदुल्लाखानही येऊन मिळाला. अखेर राजांनीं तहाचें बोलणें लावलें. जुन्नर, त्र्यंबक, त्रिंगलवाडी, हरिश्चंद्रगड, जीवधन, हडसर आदि किल्ले द्यावयाचे, आदिलशाही चाकरी पत्करावयाची, आणि मुर्तझास मोगलांच्या स्वाधीन करावयाचें, असें ठरलें.

एकदां हा भाग वर्गांत सांगत असतां मागच्या बांकावरून एका मुलानें विचारलें, “गुरुजी, त्या मुलाला द्यायला नको होतें ना?” मीं तेव्हां तहाचीं कलमें पुन्हां वाचून दाखविलीं व वेळ मारून नेली. त्याचा प्रश्न कलमांचा नव्हता, हें मला कळत होतें. मुर्तझास ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत पाठविलें. तेथें त्याच्या घराण्यांतील दोघे आधींच अडकून पडलेले होते. ज्याच्या नांवावर तीन वर्षें राज्य चाललें त्याचें मत कोणींही विचारलें नाहीं. शहाजीराजांचा स्वतःचा मुलगा त्या वेळीं सहा वर्षांचा होता. माझें मत विचाराल तर राजांपुढें दुसरा मार्ग उरला नव्हता. वेढा आणखी दोन महिने चालता तरी मुलगा जाताच, आणि त्याच्याबरोबर गडावरचीं शेंकडों माणसेंही जातीं. तरीपण ‘नको होतें’ हें त्या विद्यार्थ्याचें म्हणणें खोटें ठरत नाहीं. लहान राज्याच्या पोटांतही आणखी लहान कोणी असतो, आणि अखेरची किंमत त्याच्याकडून वसूल होते.

ह्या व्यवहारांत विजापूर जिंकलें असें त्या वेळीं सर्वांस वाटलें. मुलूख मिळाला, उत्तरेची धास्ती गेली, फौजा कर्नाटकांत उतरल्या, महंमद आदिलशहानें गोलघुमट उभारला. परंतु कुंपणाची जागा शेतांत घेतली म्हणजे शेत वाढतें खरें, आणि गुरांनाही वाट मोकळी होते. १६५७ त औरंगजेबानें बेदर व कल्याणी घेतलीं. १६८६ त विजापूरच घेतलें. माहुलीच्या वेढ्यास तेव्हां बरोबर पन्नास वर्षें झालीं होतीं.

शिवाजीमहाराजांनीं मात्र हा सारा धडा घरींच घेतला असावा. १६४८ त आदिलशहानें शहाजीराजांस जिंजीकडे कैद केलें, तेव्हां महाराजांनीं दक्षिणेचा मोगल सुभेदार शहाजादा मुरादबक्ष ह्याच्याशीं पत्रव्यवहार सुरू केला. विजापुरास हें कळावें, एवढाच त्यांतील बराचसा हेतु दिसतो. १६४९ त कोंडाणा देऊन राजे सुटले. १६५७ त शहाजहान आजारी पडून शहाजाद्यांचें लक्ष दिल्लीकडे लागतांच महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, आणि १६५८ च्या जानेवारींत आमचा माहुली. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले. त्या यादींत माहुली, भंडारगड आणि पळसगड हीं तिन्ही नांवें आहेत. एकाच डोंगराचे तीन किल्ले धरून संख्या भरली, हें मला नेहमीं मौजेचें वाटत आलें आहे.

१६७० च्या फेब्रुवारींत मराठ्यांनीं माहुलीवर रात्रीं शिड्या लावल्या. मोगलांचा किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता, त्यानें हल्ला परतविला व मराठ्यांचीं पुष्कळ माणसें पडलीं. परंतु कुमक येत नाहीं, हें पाहून त्या शहाण्या रजपुतानें किल्लेदारीच सोडली. त्याच्या जागीं अलावर्दी बेग आला. जूनमध्यें, पावसाच्या तोंडावर, मराठे पुन्हां चढले. अलावर्दी बेग आपल्या शिबंदीसह मारला गेला आणि किल्ला स्वराज्यांत आला.