परिचित स्थळांचे छायाचित्रण

नित्य परिचयाच्या स्थळांचे छायाचित्रण हा हौशी माणसाचा निर्मळ आणि चिरस्थायी आनंद आहे. कारण दूरदेशीचा प्रवासी जे एकदाच पाहतो, ते स्थानिक रहिवाशाला सर्व ऋतूंत आणि सर्व प्रहरी न्याहाळता येते. वाईजवळच्या मेणवलीचेच उदाहरण घ्या. पेशवाईचे कारभारी नाना फडणवीस यांचा वाडा, त्यामागचा कृष्णेचा घाट आणि १७३९ साली वसई सर झाल्यावर तेथून आणलेली भव्य घंटा, अशी संपदा येथे एकत्र नांदते. माध्यान्हीच्या प्रखर उन्हात घाटाच्या काळ्या पायऱ्या सपाट भासतात. परंतु सूर्योदयानंतर तिरपे किरण पडू लागले, की प्रत्येक पायरीची कड आणि पाषाणाचा खडबडीतपणा छायेमुळे स्पष्ट उठून दिसतो. काळा दगड व शुभ्र आकाश एकाच चौकटीत आले, तर कॅमेऱ्याला दोहोंचा मेळ घालणे कठीण जाते, म्हणून आकाशाचा भाग बेताचाच घ्यावा. महागड्या सामग्रीची येथे मातबरी नाही. साधा मोबाइलही पुरतो. वाचकांनी आपल्या गावची एखादी आवडती जागा निवडून वर्षभर तिची चित्रे घ्यावीत आणि तारीख व ठिकाण यांच्या नोंदीसह त्यांचे दप्तर जपून ठेवावे.