इनामगावात सुरू केलेलं डाउनलोड

प्लॅनचं नाव अनलिमिटेड. दिवसाला दीड जीबी, मुदत अठ्ठावीस दिवस आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएस. नेट बंद पडत नाही, फक्त हळू चालतं. जिओ आणि एअरटेलच्या बहुतेक प्रीपेड प्लॅनांत हाच आकडा असतो, बीएसएनएलच्या अनेक प्लॅनांत तर तो ४० आहे. शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या स्टेशनबाहेर रिचार्ज मारताना ती ओळ कुणी वाचत नाही. तिचा हिशेब मात्र करून पाहावा असा आहे.

६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ८ केबी. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की ६,९१,२०० केबी येतात, म्हणजेच ६९१ एमबी. कोटा संपल्यावर मोबाइल दिवसरात्र, एक सेकंदही न थांबता ओढत राहिला, तरी चोवीस तासांत ६९१ एमबीच्या पुढे काहीही येऊ शकत नाही. अमर्याद म्हणून विकलेल्या वस्तूला इतकी पक्की मर्यादा आहे, आणि प्लॅनच्या जाहिरातीत ती मला कधी छापलेली दिसली नाही.

आता कोट्याकडे बघू. चांगलं ४जी मिळालं, समजा सेकंदाला २० मेगाबिट, तर दीड जीबी दहा मिनिटांत संपतं. त्यानंतरचे तेवीस तास पन्नास मिनिटं वेग तीनशेव्या भागाहूनही कमी. एक जीबीचा सिनेमा त्या २० मेगाबिटच्या वेगानं सात मिनिटांच्या आत उतरतो. ६४ केबीपीएसवर त्याला ३४ तास ४३ मिनिटं लागतात. दौंडवरून मनमाडकडे वळणारी गोवा एक्सप्रेस तेवढ्या वेळात दिल्लीला पोचून प्रवासी आपापल्या घरी गेलेले असतात.

खरं डोकं गरगरतं ते तालुक्यांचा हिशेब मांडल्यावर. २०११च्या जनगणनेत शिरूर तालुक्याची लोकसंख्या ३,८५,४१४ होती आणि दौंडची ३,८०,४९६. दोन्ही मिळून ७,६५,९१०. आज ती वाढलेली आहे, पण जुनाच आकडा धरू आणि दोन माणसांमागे एकच नेटचं सिम मोजू. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२४मध्ये देशात एक मोबाइल ग्राहक महिन्याला सरासरी २१ जीबी वापरत होता (मार्च २०१४मध्ये हीच सरासरी ६२ एमबीसुद्धा नव्हती). या हिशेबानं दोन तालुके मिळून महिन्याला ८० लाख जीबी खेचतात. रोजचे झाले २ लाख ६८ हजार जीबी.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगातली एक अख्खी शेतकरी वस्ती उजेडात आली. घरं, कणगी, पुरलेले मृतदेह, अगदी पाण्याचा पाट आणि बांधसुद्धा. वस्तीची सुरुवात साधारण इसवी सनपूर्व १६०० मधली. त्या पहिल्या शेतकऱ्यानं ज्या दिवशी तिथं घर बांधलं, त्याच दिवशी ६४ केबीपीएसवर एक डाउनलोड सुरू झालं असतं आणि तेव्हापासून आजपर्यंत, ३,६०० वर्षं, एक क्षणही तुटलं नसतं, तर किती डेटा जमला असता? सुमारे ९ लाख जीबी. शिरूर आणि दौंडची आजची साडेतीन दिवसांची भूकसुद्धा त्यात भागत नाही. दोन तालुक्यांचा महिन्याचा डेटा त्या वेगानं आणायला बत्तीस हजार वर्षं हवीत.

याच गणिताची दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते. ६४ केबीपीएस महिनाभर अखंड चालवलं तर २०.७ जीबी होतात, म्हणजे जवळजवळ देशाच्या सरासरीइतकेच. तेवढंच नेट, पण एकाला कामाच्या वेळी हवं तेव्हा मिळतं आणि दुसऱ्याला तीस दिवस थेंबथेंब. दोघांचं आयुष्य सारखं राहील का?

ज्या भागात कालव्यावर शेती आहे, तिथं हा फरक नव्यानं शिकवावा लागत नाही. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी दौंडला येतं, चासकमानचं शिरूरला. धरणात किती टीएमसी आहे ही एक गोष्ट, आणि आपल्या चारीला किती क्युसेकनं आणि कोणत्या दिवशी सुटलं ही दुसरी. जीबी म्हणजे टीएमसी, एमबीपीएस म्हणजे क्युसेक. टेलच्या शेतकऱ्याला कागदावर पाणी मंजूर असतं, पण ऊस वाळायला लागल्यावर ते बांधावर पोचलं नाही तर त्या मंजुरीचा त्याला उपयोग नाही.

कंपन्यांची बाजूही खरी आहे. टॉवरची क्षमता वाटून घ्यावी लागते. दहा मेगाहर्ट्झच्या ४जी पट्ट्यावर एका बाजूच्या अँटेनाला कागदोपत्री सेकंदाला ७५ मेगाबिट मिळतात, आणि त्या बाजूला जितके मोबाइल असतील तितके त्याचे वाटेकरी. रांजणगावच्या महागणपतीला अंगारकीची गर्दी लोटली की कुणी कितीही पैसे भरलेले असोत, सगळ्यांचंच नेट अडखळतं. अशा वेळी जास्त ओढणाऱ्याला थोडं थोपवणं न्यायाचंच आहे. पण रोजचा कोटा गर्दी बघत नाही. पहाटे तीनला टॉवर रिकामा असतो, तेव्हाही कोटा संपलेल्याला ६४च मिळतं. आणि ज्यानं दिवसभर काहीच वापरलं नाही, त्याचं उरलेलं बहुतेक प्लॅनांत रात्री बाराला बुडतं. दीड जीबीच्या प्लॅनात अठ्ठावीस दिवसांचे ४२ जीबी होतात. देशाच्या सरासरीइतकं वापरणाऱ्याचा निम्मा डेटा, पैसे भरलेला, असा हातचा जातो. महिना अठ्ठावीस दिवसांचा धरल्यामुळे वर्षाला तेरा रिचार्ज होतात ते वेगळंच. त्यावर दूरसंचार नियामक ट्रायनं जानेवारी २०२२मध्ये किमान एक तरी प्लॅन तीस दिवसांचा ठेवायला लावला.

हे कुणाला बोचतं? रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारी मुलं आसपासच्या गावांत एका खोलीत तिघं-चौघं राहतात. वायफाय नसतं. एकाचं हॉटस्पॉट चालू आणि बाकीचे त्यावर. अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी मुलगी व्हिडिओ लेक्चर ४८०पी वर लावते. त्याला सेकंदाला साधारण एक मेगाबिट लागतं, तासाला ४५० एमबी. तीन तास वीस मिनिटांत तिचा दिवस संपतो. आधी पन्नास टक्के संपल्याचा मेसेज येतो, मग नव्वद, मग शंभर. त्यानंतर पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागतं. पुढचं एक तासाचं लेक्चर पाहायचं, तर ते उतरायला साडेपंधरा तास. शेतकऱ्याचं तेच. ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत आपल्या पिकाचा फोटो शेतकऱ्यानंच मोबाइलवरून चढवायचा असतो. ५०० केबीचा एक फोटो या वेगानं चढवायला मिनिटाहून जास्त वेळ लागतो, तेही रेंज धड असेल तर. मध्येच तुटलं की पुन्हा सुरुवात.

शहरातल्या फायबरच्या अनलिमिटेडलाही मर्यादा आहे: जिओफायबरला महिन्याला ३,३०० जीबी. म्हणजे दिवसाला ११० जीबी. एचडी चित्र तासाला ३ जीबी खातं असं धरलं, तर ती मर्यादा गाठायला एका टीव्हीला दिवसाचे छत्तीसहून जास्त तास लागतील. ती मर्यादा साध्या कुटुंबाला कधी दिसतही नाही. मोबाइलची मर्यादा दुपारच्या आत येऊन धडकते. दोन्हींवर शब्द तोच छापलेला.

नियमांतही हीच दरी आहे. ऑक्टोबर २०१६मध्ये ट्रायनं बजावलं की फायबर किंवा केबलच्या ब्रॉडबँडचा वेग कोटा संपल्यावरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही. हा आदेश तारेवरच्या नेटपुरता होता. मोबाइलवर आजही ६४ चालतं. २०२३मध्ये सरकारनं ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएस केली. ६४ केबीपीएस त्याच्या एकतिसाव्या भागाइतकं आहे. सोप्या शब्दांत, कोटा संपल्यावर जे उरतं त्याला सरकारच ब्रॉडबँड मानत नाही.

वेग दाबण्याची किंमत काय असते, हे कॅलिफोर्नियात २०१८ साली दिसलं. मेंडोसिनोच्या वणव्याशी झुंजणाऱ्या सँटा क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या संपर्कवाहनाचं व्हेरायझनचं कनेक्शन अनलिमिटेड होतं. कोटा ओलांडला म्हणून त्याचा वेग दोनशेव्या भागावर आणला गेला आणि दलाला तो ऐन आगीत पूर्ववत करून घेण्यासाठी झगडावं लागलं. दोनशेवा भाग! आपल्याकडे तो तीनशेव्याच्याही खाली जातो. एटी अँड टी या कंपनीनं अनलिमिटेड प्लॅन घेतलेल्या ग्राहकांचा वेग दाबला, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१४ साली तिला कोर्टात खेचलं. नोव्हेंबर २०१९मध्ये कंपनीनं सहा कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, आणि यापुढे वेगाच्या अटी ठळकपणे सांगायचं बंधनही स्वीकारलं.

आपल्याकडे यासाठी कोर्टात जायचीही गरज नाही. तारेवरच्या नेटला दिलेला ५१२चा तळ मोबाइललाही द्यावा, आणि प्लॅनच्या किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरांत कोट्यानंतर दिवसाला जास्तीत जास्त किती एमबी मिळतील तेही छापावं. ५१२ केबीपीएसवर दिवसाला साडेपाच जीबी येऊ शकतात. एक तासाचं लेक्चर दोन तासांच्या आत उतरतं. ई-पीक पाहणीचा फोटो आठ सेकंदांत चढतो.