नदीने अंथरलेली वाट

उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट काउंटीत ईल नदीचा दक्षिण फाटा मुख्य नदीला मिळतो, त्या संगमापाशी डायरव्हिलचा पूल आहे. डायरव्हिल हे गाव आता राहिलेलं नाही, नाव तेवढं पुलाकडे उरलं. मे महिन्याच्या सुरुवातीच्या एका रविवारी सकाळी या पुलावर धावपटूंची गर्दी होते. ‘अव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ ही मॅरेथॉन इथे १९७० च्या दशकापासून भरते. ऑक्टोबरात इथूनच ‘हम्बोल्ट रेडवूड्स’ नावाची दुसरी शर्यत सुटते. सॅन फ्रान्सिस्कोहून चार-पाच तास गाडी हाकत लोक येतात आणि बे एरियातल्या मराठी घरांतलेही काही जण त्यांत असतात. या दोन्ही शर्यतींचं नाव झालं ते दोन गोष्टींमुळे. एक, बेचाळीस किलोमीटरांतली बहुतेक वाट रेडवूडच्या गर्द सावलीतून जाते. आणि दुसरी, चढउतार फारच थोडे.

सावलीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्या सपाटीबद्दल लिहायचं आहे, कारण हा मुलूख सपाट नाहीच. इथे समुद्राला समांतर डोंगररांगा आहेत, उतार तीव्र आहेत आणि खडक इतके ठिसूळ की दरडी कोसळणं नित्याचं. आकाराच्या मानाने सर्वाधिक गाळ वाहून नेणाऱ्या अमेरिकेतल्या नद्यांत ईलची गणना होते. अशा ठिकाणी धावणाऱ्याला सपाट वाट मिळते, ती तो गाळ कुठेतरी विसावतो म्हणून.

इथला पाऊस हिवाळ्याचा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तो कोसळतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. मोठ्या पावसात ईल आणि तिला मिळणारे बुल क्रीकसारखे ओढे काठ सोडतात, झाडांमध्ये पसरतात, मंदावतात आणि बारीक माती मागे ठेवून ओसरतात. बुल क्रीकच्या सपाटीवर गेल्या हजारेक वर्षांत असे पंधराएक मोठे पूर येऊन गेले. दर पुरागणिक जमीन वर आली, एकूण सुमारे नऊ मीटर. इतकी माती बुंध्याभोवती चढली तर बहुतेक झाडं गुदमरून मरतील. रेडवूड मरत नाही. ते नव्या थरात नवी मुळं सोडतं आणि त्या सकस मातीवर अधिकच फोफावतं. जगातल्या सर्वांत उंच झाडांपैकी कित्येक याच मळईच्या जमिनीवर उभी आहेत. हम्बोल्ट रेडवूड्स स्टेट पार्कमध्ये १०७ मीटरहून उंच अशी शंभरावर झाडं आहेत. २००० साली इथेच सापडलेला ‘स्ट्रॅटोस्फिअर जायंट’ तेव्हा ११२ मीटरांचा होता. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटरांचा आहे, यावरून अंदाज यावा.

एवढ्या उंचीवर पाणी चढवणं झाडालाही सोपं नसतं. जॉर्ज कॉख, स्टीव्ह सिलेट हे संशोधक आणि त्यांचे सहकारी दोर लावून या शेंड्यांपर्यंत चढले. २००४ मध्ये त्यांनी मांडलं की शेंड्याची पानं भर जंगलातही दुष्काळ सोसत असल्यासारखी लहान आणि जाड होतात, आणि रेडवूडच्या उंचीची कमाल मर्यादा १२२ ते १३० मीटरांच्या दरम्यान असावी. उन्हाळ्यातली तूट काही अंशी धुकं भरून काढतं. पॅसिफिकवरून आत शिरणारं धुकं पानांवर थांबतं, थेंब होऊन खाली गळतं आणि थोडं पानांतूनच शोषलंही जातं. टॉड डॉसन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यांनी पाहिलेल्या जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी असं धुक्यातून आलं होतं. जुलैच्या पहाटे आकाशात पावसाचा ढग नसताना धावणाऱ्याच्या खांद्यावर टपटप होते, ती याचीच.

धावण्याच्या वाटा म्हणाल तर उद्यानात सुमारे दीडशे किलोमीटर आहेत. नवख्याने पेपरवुडजवळच्या ड्रुरी-चेनी वाटेने सुरुवात करावी. चारेक किलोमीटरची, पूर्ण सपाट, दोन्ही बाजूंना नेच्यांचे आणि रेडवूड सॉरेलचे गालिचे. हे सॉरेल आपल्या आंबुशीच्या कुळातलं. तिच्यासारखीच तिहेरी पानं, आणि थेट ऊन पडलं की ती मिटतात. पायाखाली सुयांसारख्या पानांचा थर इतका जाड की स्वतःची पावलं ऐकू येत नाहीत. मनगटावरचं घड्याळ मात्र इथे भरवशाचं नाही. दाट छताखाली उपग्रहाचा संदेश भरकटतो आणि अंतर चुकतं. वेगाचा नाद सोडून द्यायला ही उत्तम जागा आहे, असं माझं मत.

पण खरी वाट बुल क्रीकची. ओढ्याच्या एका काठाने वर जायचं आणि दुसऱ्या काठाने परतायचं. उन्हाळ्यात उद्यानाचे कर्मचारी ओढ्यावर आणि नदीवर साकव टाकतात, पावसाळ्यापूर्वी काढून घेतात. साकव नसेल त्या महिन्यांत वाट अर्धवटच राहते, आणि फुगलेल्या ओढ्यात उतरण्याचं धाडस कुणीही करू नये. या काठाचं जंगल म्हणजे रॉकफेलर फॉरेस्ट, सुमारे दहा हजार एकर. सलग उरलेल्या प्राचीन रेडवूड जंगलांत हे सर्वांत मोठं. रेडवूडचं मूळ राज्य सुमारे वीस लाख एकरांचं होतं. कुऱ्हाड न लागलेलं त्यातलं जेमतेम पाच टक्के शिल्लक आहे.

ते कसं वाचलं, हे सांगताना काही कटू गोष्टी गाळता येत नाहीत. इथले मूळ रहिवासी सिंकयोन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तली आणि हकालपट्ट्यांनी त्यांची वस्ती उद्ध्वस्त झाली. १९१८ मध्ये ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी मॅडिसन ग्रँट हा वंशश्रेष्ठत्वाचा उघड प्रचारक होता. झाडांवरचं त्याचं प्रेम खरं होतं आणि माणसांविषयीचा त्याचा विचार विषारी होता. दोन्ही लिहून ठेवायला हवं. याच लीगने २०२२ मध्ये किनाऱ्यालगतचं ५२३ एकरांचं जंगल सिंकयोन परंपरेतल्या जमातींच्या परिषदेकडे सोपवलं. उशीर फार झाला, तरी पाऊल योग्य दिशेचं आहे.

लीगची कामाची पद्धत साधी होती. देणग्या जमवायच्या, लाकूड कंपन्यांकडून एकेक राई विकत घ्यायची आणि दात्याने सुचवलेल्या माणसाच्या स्मरणार्थ तिला नाव द्यायचं. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या कर्नल बोलिंग यांच्या नावाची राई १९२१ मध्ये झाली आणि उद्यानाचा आरंभ झाला. हम्बोल्टच्या स्त्रियांनी १९१९ मध्येच आपली संघटना उभी केली होती. कॅलिफोर्नियाच्या महिला मंडळांच्या महासंघानेही एक राई राखली, तिथे वास्तुरचनाकार जुलिया मॉर्गन यांनी घडवलेली चार तोंडांची दगडी शेकोटी आजही आहे. मोठी रक्कम आली जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्याकडून, एकूण वीस लाख डॉलर. १९३१ मध्ये पॅसिफिक लंबर कंपनीकडून बुल क्रीकची सपाटी विकत घेतली गेली. सगळ्यांना वाटलं, जंगल वाचलं.

विकत घेतली होती ती फक्त खालची सपाटी. वरचे डोंगर खासगीच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीची लाट आली, लाकडाला भाव आला आणि बुल क्रीकच्या वरच्या पाणलोटात यंत्रांनी सरसकट तोड झाली. ट्रॅक्टरसाठी उतारावर रस्ते खणले गेले. डिसेंबर १९५५ मध्ये मोठा पाऊस झाला तेव्हा ते उघडे उतार खाली आले. हा नेहमीचा पूर नव्हता. बारीक मातीऐवजी दगडगोटे, ओंडके आणि राडारोडा घेऊन ओढा सुटला. त्याचं पात्र भरून वर आलं, रुंदावलं, काठ कातरत गेलं आणि हजार-हजार वर्षांची शेकडो झाडं मुळाखालची जमीन सरकून कोसळली. डिसेंबर १९६४ चा पूर याहून भयंकर होता. ईलकाठची गावं त्याने धुऊन नेली. वीऑट गावात रस्त्याकडेला एका उंच खांबावर त्या पाण्याची पातळी दाखवली आहे. मान वर करून पाहावी लागते.

ज्या नदीने हजार वर्षं थरावर थर देऊन ही झाडं मोठी केली, तिनेच ती काही दिवसांत पाडली. मधल्या काळात नदीचा स्वभाव बदलला नव्हता. बदलले होते ते वरचे डोंगर. म्हणून मला वाटतं, या वाटेचा पहिला किलोमीटर डायरव्हिलच्या पुलावर नाही, तो बुल क्रीकच्या माथ्यावरच्या उतारांवर आहे. राज्य सरकार आणि लीग यांनाही हे कळलं. १९६० च्या दशकापासून वरची तोडलेली जमीन विकत घेत जवळजवळ सगळा पाणलोट उद्यानात आणला गेला.

तरीही हीच चूक उत्तरेला पुन्हा झाली. १९६८ मध्ये रेडवूड नॅशनल पार्क झालं तेव्हा रेडवूड क्रीकच्या काठाची एक अरुंद पट्टीच त्यात घेतली. नकाशावर ती इतकी बारीक दिसे की लोक तिला ‘अळी’ म्हणत. वर तोड चालू होती आणि खाली ‘टॉल ट्रीज ग्रोव्ह’ ही उंच झाडांची राई गाळाच्या धोक्यात होती. अखेर १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ४८ हजार एकर जोडले, त्यातला मोठा भाग आधीच तोडलेला होता. तेव्हापासून तिथे रस्ते बुजवून उतार पूर्ववत करण्याचं काम चालू आहे. जुने ट्रॅक्टरचे रस्ते खणून काढायचे, अडवलेले झरे मोकळे करायचे. जंगल राखणाऱ्यांच्या कामात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही.

आता धोका आपल्या पावलांचाही आहे. एवढ्या उंच झाडाची मुळं दोन-चार मीटरच खोल जातात, मात्र आडवी तीसएक मीटर पसरून शेजारच्या मुळांत गुंततात. वाट सोडून पायांनी माती दाबली की तिच्यातली हवा आणि पाणी जातं. जेडेडाया स्मिथ उद्यानातल्या ‘ग्रोव्ह ऑफ टायटन्स’ या राईचा ठावठिकाणा फुटला तेव्हा लोकांनी नेचे तुडवत तिथवर स्वतःच्या वाटा पाडल्या. शेवटी जमिनीपासून वर उचललेला सुमारे चारशे मीटरांचा मार्ग बांधावा लागला, तो २०२२ मध्ये खुला झाला. सर्वांत उंच झाड ‘हायपेरियन’ २००६ मध्ये सापडलं, ११५ मीटरांहून उंच. त्याच्याभोवती हेच घडलं, म्हणून २०२२ पासून तिथे जाण्यास बंदी आहे: पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. कडक वाटेल, पण मला ही बंदी पूर्णपणे पटते.

हम्बोल्टला धावायला जाणाऱ्याने शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पाय थोडे मोकळे असतील तर ग्रासहॉपर पीकची वाट धरावी. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० मीटर उंचीवर, बुल क्रीकच्या काठापासूनचा चढ दमवणारा, पाणी स्वतःचं न्यावं लागतं. वाटेत जॉन्सन कॅम्पच्या जुन्या झोपड्या लागतात, जिथे रेल्वेचे स्लीपर फोडणारे मजूर राहत. माथ्यावरून बुल क्रीकचं खोरं दिसतं. तोडलेल्या उतारांवर आता दुसऱ्या पिढीची झाडं आहेत, बरीचशी जुन्या बुंध्यांच्या फुटव्यांतून आलेली, एकमेकांना खेटून वाढणारी. त्यांचं वय माणसाच्या एका आयुष्याइतकंही नाही, आणि खालच्या सपाटीचं पुढचं सगळं त्यांच्या मुळांवर अवलंबून आहे.