वेबसाइटचा सातबारा कसा पाहायचा?

लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये आपल्या अनेक घरांत येतात. १८ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली आणि गावोगावच्या आपा, खाला, भाभी मोबाइल घेऊन बसल्या. गुगलवर योजनेचं नाव टाकलं की खऱ्या संकेतस्थळाबरोबर खोटीही समोर येत असल्याच्या बातम्या त्याच दिवसांत आल्या. या केवायसीत आधी स्वतःचा आधार नंबर आणि ओटीपी, मग शोहर किंवा वडिलांचा आधार आणि त्यांचा ओटीपी द्यावा लागतो. म्हणजे चुकीच्या जागी फॉर्म भरला तर एका झटक्यात दोन माणसांची माहिती परक्याच्या हातात.

आमच्या अजिंठ्यात, सिल्लोड तालुक्यात कुठेही, जमीन घेताना माणूस आधी सातबारा काढतो. मालक कोण, फेरफार कधी झाला, हे पाहिल्याशिवाय कोणी बयाणा देत नाही. वेबसाइटच्या नावाचीही अशीच नोंद असते. ती कोणालाही, फुकटात, घरबसल्या पाहता येते. पण हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

आधी नाव वाचायला शिकू. वेबसाइटचं नाव उर्दूसारखं उजवीकडून डावीकडे वाचायचं. पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि शेवटापासून सुरुवात करा. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असेल, म्हणजे जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन, तर ते नाव सरकारी आहे. ही नावं नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरमार्फत फक्त सरकारी खात्यांना मिळतात. लाडकी बहीण योजनेच्या खऱ्या नावाचा शेवट ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असाच आहे. हज कमिटी ऑफ इंडिया आणि नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल यांचाही शेवट ‘गव्ह डॉट इन’. पण समजा नावात ‘गव्ह’ मध्येच कुठेतरी आलं आणि शेवट ‘डॉट ऑनलाइन’ किंवा ‘डॉट कॉम’ असा झाला, तर त्या ‘गव्ह’ला काही किंमत नाही. बँकांसाठीही आता वेगळी ओळख आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेवटाच्या नावावर यायला सांगितलं होतं.

खासगी नावांचं काय? उमराहचा टूरवाला, ऑनलाइन दुकान, नोकरीची जाहिरात, चंदा मागणारी संस्था, हे सगळे खासगी नावंच वापरतात. इथे नोंद पाहावी लागते. या सोयीचं नाव ‘हूइज’, म्हणजे ‘कोण आहे?’. ती १९८२ पासूनची आहे. तेव्हा इंटरनेट अगदी बाल्यावस्थेत होतं आणि जोडलेल्या माणसांचे पत्ते ठेवण्यासाठी ही यादी होती. डॉट कॉम, डॉट ओआरजी अशा नावांसाठी २८ जानेवारी २०२५ पासून तिची जागा अधिकृतपणे ‘आरडॅप’ या नव्या पद्धतीने घेतली. पाहणाऱ्याला मात्र फरक जाणवत नाही.

‘आयकॅन लुकअप’ असं शोधा. आयकॅन ही जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणारी संस्था आहे, तिचंच पान उघडा. ‘डॉट इन’ने संपणाऱ्या नावांची नोंद भारतात ‘निक्सी’ ही संस्था ठेवते. तिच्या संकेतस्थळावरही ही सोय आहे. चौकटीत वेबसाइटचं नाव टाकलं की माहिती येते. त्यातल्या चार गोष्टी पाहा.

‘क्रिएशन डेट’ म्हणजे नावाचा जन्मदाखला. ‘पंधरा वर्षांपासून हाजींच्या खिदमतीत’ असं पानावर लिहिलंय आणि नाव दोन महिन्यांपूर्वी घेतलंय, तर तिथेच थांबून चौकशी करा. ‘एक्स्पायरी डेट’ म्हणजे नाव कधीपर्यंत घेतलंय. ‘रजिस्ट्रार’ म्हणजे ज्या कंपनीकडून नाव विकत घेतलं ती. आणि ‘अब्यूज कॉन्टॅक्ट’ म्हणजे त्या कंपनीकडे तक्रार करायचा ईमेल किंवा फोन.

मालकाचं नाव मात्र बहुतेक वेळा झाकलेलं दिसेल. २५ मे २०१८ पासून युरोपात माहितीच्या गोपनीयतेचा कायदा लागू झाला, त्यानंतर जगभर ही नावं झाकली जाऊ लागली. त्यामुळे नाव झाकलंय म्हणून कोणाला चोर ठरवू नका. तारीख नवी आहे एवढ्यावरूनही नाही. गावातल्या एखाद्या मदरशाची वेबसाइट काल सुरू झालेली असू शकते. उलट तारीख जुनी म्हणजे मालक खराच, असंही नाही, कारण जुनं नाव दुसऱ्याला विकता येतं. पत्त्याजवळचं कुलूपाचं चिन्हही इमानदारीचा दाखला नाही. तुमची माहिती वाटेत कोणी वाचणार नाही, एवढंच ते सांगतं. ती कोणाच्या घरी पोहोचतेय, हे सांगत नाही.

म्हणून नोंद हा निकाल नव्हे, चौकशीची सुरुवात आहे. सातबारा पाहिल्यावर आपण शेजारच्या शेतकऱ्यालाही विचारतोच ना? तसंच हजसाठी खासगी टूर असेल तर अल्पसंख्याक मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त यादीत त्याचं नाव पाहा. दुकानाचा पत्ता घ्या, कोणाला तरी तिथे पाठवा, मगच पैसे भरा.

फसवणूक झालीच तर शरमेने गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवायचे तर मिनिटं मोलाची असतात. मेसेज, पावती आणि वेबसाइटच्या पूर्ण नावाचा फोटो जपून ठेवा, बँकेला कळवा. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार करता येते. आधारची माहिती गेली असेल तर आधारच्या अधिकृत अ‍ॅपवरून बायोमेट्रिक लॉक करून टाका.

आठवी-नववीतल्या मुला-मुलींना हे दहा मिनिटांत येतं. अम्मी किंवा दादीने कुठलाही फॉर्म भरण्याआधी नाव उजवीकडून वाचणं आणि नोंद काढणं, हे घरातलं काम त्यांच्याकडे सोपवा. ओटीपी मात्र त्यांनी कोणाला सांगायचा नाही, हेही त्याच वेळी शिकवा.