सुदामा नगर ते दुबई : इंग्रजी शिक्षिकेच्या परदेशवासाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंदूरच्या पश्चिम भागातील सुदामा नगर या विस्तीर्ण वसाहतीत, होळकरांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या मराठी समाजातील अनेक कुटुंबे राहतात, आणि अशा घरातील इंग्रजीची शिक्षिका नोकरीनिमित्त परदेशी निघते तेव्हा तिच्या नव्या आयुष्याचे एक चित्र घरच्यांच्या व शेजाऱ्यांच्या मनात आधीच तयार झालेले असते. जुलै 2019 मध्ये इंदूरहून दुबईला थेट विमानसेवा सुरू झाली आणि आखाती देश जवळ आले. परंतु त्या चित्रातील बराचसा भाग ऐकीव गोष्टींवरच उभा राहिलेला आहे. त्यातील काही समजुती निरुपद्रवी असल्या, तरी काहींची किंमत त्या शिक्षिकेलाच मोजावी लागते.

उत्तम इंग्रजी येत असेल तर जगात कुठेही शिकवता येते, ही समजूत सर्वांत व्यापक आहे. प्रत्यक्षात अनेक देशांत भाषेच्या प्रभुत्वाआधी नागरिकत्व आणि शिक्षणाचे माध्यम पाहिले जाते. दक्षिण कोरिया इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना देतो. भारतीयांसाठी 2010 पासून अमलात असलेल्या द्विपक्षीय आर्थिक कराराने सहायक शिक्षकाची एक वाट मोकळी केली आहे, पण त्यासाठीही अध्यापनाची अधिकृत पात्रता लागते. जपानमधील शाळांत परकी भाषा शिकवण्यासाठीच्या व्हिसाला त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षांचे शिक्षण अपेक्षित असते, त्यामुळे मराठी किंवा हिंदी माध्यमातून शिकलेली शिक्षिका, तिचे इंग्रजी कितीही चांगले असले, तरी तिथे अडते. आखातात मात्र परिस्थिती निराळी आहे. तिथे भारतीय अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळांची जुनी परंपरा आहे, दुबईतील इंडियन हायस्कूल 1961 पासून चालू आहे, आणि या शाळांना भारतात प्रशिक्षण घेतलेले शिक्षकच हवे असतात. म्हणून सुदामा नगरातील शिक्षिकेच्या संदर्भात दुबईचा विचार करणे सर्वाधिक उपयुक्त ठरते.

दुसरा गैरसमज कागदपत्रांविषयीचा आहे. पदवीवर एक सरकारी शिक्का घेतला की काम झाले, असे मानले जाते. भारत 2005 पासून ज्या आंतरराष्ट्रीय करारात सहभागी आहे, त्यानुसार सदस्य देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’, म्हणजे दस्तऐवजाच्या खरेपणाचे एकच प्रमाणपत्र, पुरते; परंतु संयुक्त अरब अमिराती त्या करारात नसल्यामुळे राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास आणि अखेरीस तेथील परराष्ट्र मंत्रालय अशी साक्षांकनाची पूर्ण साखळी पार करावी लागते. त्यानंतर शाळेने शिक्षिकेच्या नेमणुकीला दुबईच्या शिक्षण नियामक प्राधिकरणाची मान्यता घ्यायची असते. या साखळीला वेळ लागतो, आणि नेमक्या याच काळात मध्यस्थ ‘आधी भेटीच्या व्हिसावर जा, बाकीचे नंतर पाहू’ असा सल्ला देतात. भेटीच्या व्हिसावर मुलाखत देणे वेगळे आणि कामाचा परवाना येण्यापूर्वी वर्गावर उभे राहणे वेगळे. दुसरी गोष्ट तेथील कायद्याने गुन्हा आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या भारतीय मध्यस्थाला 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी करावी लागते आणि त्याच्या सेवाशुल्काला 30,000 रुपये अधिक वस्तू व सेवा कर अशी मर्यादा आहे. घर गहाण ठेवून लाखो रुपये मोजणाऱ्या कुटुंबांना हा एक आकडा वेळेवर कळला, तर मोठी हानी टळू शकेल.

पगारावर कर नाही म्हणजे सगळा पगार शिल्लक राहतो, हेही अर्धसत्य आहे. अमिरातीत वैयक्तिक आयकर नाही हे खरे. पण भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांची फी ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा बरीच कमी असल्याने तेथील वेतनही कमी असते. शाळेने निवास दिला नसेल तर घरभाडे काही महिन्यांचे एकदम, पुढील तारखांच्या धनादेशांनी देण्याची रीत आहे. भारतातल्यासारखा भविष्यनिर्वाह निधी तिथे नसतो. त्याऐवजी किमान एक वर्षाची सेवा झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे एकवीस दिवसांचे वेतन सेवासमाप्तीच्या वेळी मिळते, आणि ते एकूण पगारावर नव्हे तर मूळ वेतनावर मोजले जाते. त्यामुळे करारात मूळ वेतन किती आणि भत्ते किती, हे सही करण्यापूर्वी पाहिले पाहिजे. शिवाय नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती परकीय चलनविषयक कायद्याच्या दृष्टीने लगेच अनिवासी ठरते आणि इंदूरच्या बँकेतील तिचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते, तर आयकराच्या दृष्टीने ती निवासी की अनिवासी हे त्या वर्षातील भारतातील दिवसांवरून ठरते.

उत्पन्नाला शिकवण्यांची जोड देता येईल, ही अपेक्षा इंदुरी शिक्षिकेला स्वाभाविक वाटते, कारण घरोघरी शिकवण्या चालतात अशाच वातावरणात ती वाढलेली असते. अमिरातीत मात्र परवान्याशिवाय खासगी शिकवणी घेणे बेकायदेशीर आहे. डिसेंबर 2023 मध्ये तेथील सरकारने खासगी शिक्षकांसाठी स्वतंत्र परवाना सुरू केला, त्यामुळे मार्ग उपलब्ध झाला आहे, पण तो अर्ज करून आणि आचारसंहिता मान्य करूनच.

याहून गंभीर बाब सामानाची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दिवाळीला आईने प्रेमाने पाठवलेल्या अनारशांवर खसखस असते, मसाल्यात आणि लाडवांतही ती असते, आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या वर्गात मोडते व तिच्यावर बंदी आहे. विड्याच्या पानांनाही तिथे मनाई आहे. हे नियम विचित्र वाटले तरी विमानतळावर अजाणतेपणाची सबब चालेल असे गृहीत धरता येत नाही. औषधांचेही तसेच आहे: कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके नेण्यासाठी पूर्वपरवानगी लागते, आणि मोहल्ल्यातील औषधाच्या दुकानातून घेतलेली पट्टी चिठ्ठीविना पिशवीत टाकणे धोक्याचे ठरते. बाकी पोहे, साबुदाणा, भाकरीचे पीठ यांची चिंता अनाठायी आहे. दुबईच्या करामा आणि बर दुबई भागांतील दुकानांत ते सहज मिळतात.

मुलगी व्हिडिओ कॉल घेत नाही, म्हणजे काहीतरी लपवते किंवा टाळते, अशीही शंका घरात येते. अमिरातीत इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलवर निर्बंध असल्याने व्हॉट्सॲपचे कॉल तिथे सहसा लागत नाहीत. परवानाप्राप्त ॲप दोन्हीकडे घेतले की हा प्रश्न सुटतो. वेळेचा फरक दीड तासाचा आहे, त्यामुळे इंदुरात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात तेव्हा दुबईत सात वाजलेले असतात आणि शिक्षिका बहुधा शाळेच्या वाटेवर असते. शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी शाळा ही जुनी रचना अनेकांच्या डोक्यात अजून पक्की आहे, पण जानेवारी 2022 पासून दुबईत शनिवार-रविवार सुट्टी असते व शुक्रवारी शाळा दुपारच्या नमाजापूर्वी सुटते. रमजानमध्ये शाळेचा दिवस पाच तासांपर्यंत आखडतो, आणि त्या महिन्यात उपवास न करणाऱ्यांनीही दिवसा चारचौघांत खाणे टाळण्याचा शिष्टाचार पाळला जातो.

वर्षाचा क्रम मात्र ओळखीचा राहतो, कारण भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष तिथेही एप्रिलमध्ये सुरू होते. फक्त मोठी सुट्टी मे महिन्यात नसून कडक उन्हाळ्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये येते. सुट्टी संपून शाळा पुन्हा भरतात तेव्हा गणेशोत्सव जवळ आलेला किंवा चालू असतो आणि त्याची सुट्टी मिळत नाही, म्हणून मुलीने घरी यावे असे वाटणाऱ्या कुटुंबाने साखरपुडा, वास्तुशांत यांसारखे कार्य जुलैमध्ये ठरवणेच व्यवहार्य ठरते.