बोटीने घारापुरीला, आणि राहून गेलेले पोहणे

आपल्या घरात बाहेर जायचे म्हटले की तारखा ठरलेल्या असतात. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, अशोक विजयादशमीला नागपूर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी. रात्रभर रांगेत उभे राहायचे, डोके टेकवायचे, चार पुस्तके घ्यायची आणि परत कामावर हजर व्हायचे. या जागा आपल्याला जिवापेक्षा जास्त आहेत. पण ती सहल नव्हे, ते आपले कर्तव्य आहे. पोरांना मोकळे सोडावे, घरातल्या बाईने एक दिवस गॅसकडे पाठ करून बसावे, एवढ्यासाठीच काढलेला दिवस वर्षातून किती वेळा येतो? त्यातही पाण्यावरचा दिवस जवळजवळ नाहीच. मुंबईत जन्म काढलेल्या आपल्या माणसांपैकी गेटवेवर फोटो काढून आलेले पुष्कळ भेटतात. लाँचमध्ये बसलेले फार थोडे.

म्हणून मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतील महिला मंडळाने घारापुरीचा बेत ठरवला. अर्ध्या दिवसाचे काम. सकाळी नऊच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून लाँच पकडायची, तासाभरात बेटावर, तिथेच जेवण आणि दुपारच्या लाँचने परत. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून रविवार धरला. जाण्यायेण्याचे तिकीट एकत्र मिळते. बेटावर ग्रामपंचायतीचा थोडा कर आणि लेण्यांचे तिकीट वेगळे. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट पडत नाही. लाँचच्या वरच्या मजल्यावर बसायला थोडे जादा मागतात. मुलांसाठी तेवढे द्यावेत, वरून दिसते त्याची गोष्टच वेगळी. आमची चौतीस माणसे होती, त्यांत सोळा मुले.

धक्क्यावर पहिला वाद झाला तो लाइफ जॅकेटवरून. दोन तरुण म्हणाले, जॅकेट घातले की फोटो चांगला येत नाही. एका काकूंना त्याचे पट्टे साडीवरून कसे बांधायचे हा प्रश्न. आम्ही सर्वांना जॅकेट घालायलाच लावले आणि मुलांचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. याच मार्गावर १८ डिसेंबर २०२४ रोजी 'नीलकमल' ही प्रवासी बोट घारापुरीकडे जात असताना इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट तिच्यावर आदळली. शंभरावर माणसे बोटीत होती. पंधरा जण दगावले. जवळच्या बोटी धावून आल्या म्हणून बाकीचे वाचले. त्यानंतर जॅकेटचा नियम कडक झाला. पण नियम कागदावर असतो आणि जॅकेट अंगावर असावे लागते. लहान मुलाच्या मापाचे जॅकेट मिळाले नाही तर सरळ पुढच्या लाँचची वाट पाहावी. मोठ्याचे ढगळ जॅकेट पाण्यात पोराच्या डोक्यावरून निघून जाते. कोकणातल्या आपल्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली, हे त्यांनी आईबापांच्या तोंडून ऐकलेले असते.

लाँच सुटली आणि बायकांच्या तोंडचे बोलणे पाच मिनिटे बंद झाले. मग एकीने हळूच हात बाहेर काढून तुषार अंगावर घेतले आणि हसण्याला सुरुवात झाली.

डाव्या हाताला नौदलाची गोदी आणि त्यापलीकडे बॅलार्ड पिअरचा भाग. आम्ही मुलांना तिकडे बोट दाखवले. मुंबई बंदराची ओळख आपल्याला दोन तऱ्हेने आहे. एक म्हणजे गोदीत पाठीवर पोती वाहिलेले आपले आजे-पणजे. दुसरी म्हणजे बाबासाहेबांचे प्रवास. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ते ४ ऑक्टोबर १९३० रोजी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने मुंबईहून निघाले, ते याच समुद्रातून. त्याआधी १९१७ मध्ये लंडनहून परत येताना त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्धाचे दिवस होते. पाणतीर लागून ती बोट बुडाली आणि त्यांची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. हे ऐकून आमच्यातल्या एका सातवीतल्या मुलीने विचारले, "मग त्यांनी परत सगळी विकत घेतली?" आम्ही म्हटले, राजगृहात पुढे जमलेला ग्रंथसंग्रह कशासाठी उभा राहिला असे तुला वाटते?

परंतु आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिसरा प्रवास, आणि तो विलायतेचा नाही. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब दोनशेवर कार्यकर्त्यांना घेऊन 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले. हरिहरेश्वरला उतरले. दुसऱ्या दिवशी 'अंबा' या बोटीने खाडीतून दासगाव बंदर गाठले आणि तेथून मिरवणुकीने महाड. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. आपली माणसे चवदार तळ्याच्या पाण्यासाठी पाण्यावरून गेली होती. शाळेच्या पुस्तकात परिषदेची तारीख असते, बोटीचे नाव नसते. डेकवर दाटीवाटीने बसलेल्या त्या दोनशे माणसांपैकी किती जण आयुष्यात प्रथमच बोटीत बसले असतील, हा विचार आमच्या मनातून त्या दिवशी जाईना.

वाटेत जवाहर द्वीप लागते. तिथे तेलाची मोठी जहाजे लागतात. पलीकडे न्हावा शेवा बंदराच्या क्रेन आणि उत्तरेला जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. मुलांना हेच जास्त आवडले, त्यात त्यांची काही चूक नाही.

घारापुरीच्या धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. चालत गेले तरी दहा-पंधरा मिनिटे. पुढे शंभर-सव्वाशे पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना माळा-टोप्यांची दुकाने. हे बेट आता बरे दिसते, पण मुंबईच्या डोळ्यांसमोर असून इथे समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. तोपर्यंत गावकरी संध्याकाळचे काही तास जनरेटरवर काढीत.

मुख्य लेण्यात त्रिमूर्ती आहे. ती जरूर पाहावी. आम्ही देव म्हणून हात जोडले नाहीत, परंतु एवढा कातळ आतून पोखरून वीस फुटांचे शांत चेहरे काढणारे हात कोणाचे असतील, हे मुलांना विचारले. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. बहुतेक सहली इथे फोटो काढून परत फिरतात. आपण फिरू नये. कारण घारापुरी दोन डोंगरांची आहे. पूर्वेकडच्या डोंगराच्या माथ्यावर विटा-मातीचा मोठा उंचवटा आहे, तो बौद्ध स्तूप. शिवलेण्यांच्या कितीतरी आधीचा मानला जातो. त्या बाजूची छोटी लेणीही बौद्धांची समजली जातात. तिकडे गाइड सहसा नेत नाहीत, वाट धड नाही, आणि सांचीसारखा घुमट पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. दिसतो तो गवताने झाकलेला ढिगारा. आम्ही गावातल्या एका मुलाला बरोबर घेतले. गुडघे दुखणाऱ्या मंडळींना खाली सावलीत बसवले आणि एकवीस जण वर गेलो. त्रिसरण-पंचशील घेतले. वाऱ्यामुळे कोणाचा आवाज कोणाला नीट ऐकू येत नव्हता.

समुद्राच्या मधोमध भिक्खू आले कशासाठी, असा प्रश्न एका तरुणाने केला. उत्तर व्यापारी वाटांमध्ये आहे. सोपारा, कल्याण ही जुनी बंदरे; त्यांच्या आसपास कान्हेरीसारखी लेणी. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उघडा केला. याच सोपाऱ्याच्या पूर्णाची कथा 'दिव्यावदान' या बौद्ध ग्रंथात आहे. व्यापाऱ्याच्या घरातला, पण दासीच्या पोटचा मुलगा. बापाच्या मागे भावांनी त्याला वाटणीत नागवले. त्याने स्वतःच्या हुशारीने धंदा केला, जहाजे घेऊन समुद्रावर गेला. एका सफरीत बरोबरचे व्यापारी पहाटे बुद्धवचने म्हणत होते, ती कानावर पडली आणि तो पुढे भिक्खू झाला. आमच्या मते ही कथा आपल्या मुलांना सिंदबादच्या आधी सांगितली पाहिजे.

खाली आलो तेव्हा सगळ्यांना कडकडून भूक लागली होती. जेवणाबद्दल एक सूचना. पिशवी उघडी धरून पायऱ्या चढू नका, माकडे सरळ हिसकावतात. आम्ही भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि उकडलेली अंडी घरून नेली होती, आणि गावातल्या एका खानावळीत भात व माशाचे कालवण सांगितले होते. खानावळवाल्या बाईने आमच्या भाकऱ्या बघितल्या, दोन स्वतःसाठी मागून घेतल्या आणि बदल्यात सोलकढीचे भांडे भरून दिले. साधी गोष्ट. पण आमच्या पंक्तीतल्या सत्तरीच्या आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या सासूला दुकानदार मीठसुद्धा वरून टाकायचा."

जेवण झाल्यावर मुलांनी धक्क्याकडे पळत जाऊन एकच मागणी केली: पोहायचे. परवानगी मिळाली नाही. घारापुरीच्या कडेला चिखल आहे, भरती-ओहोटीला ओढ असते, लाँचचे पंखे फिरत असतात. तिथे कोणीही पाण्यात उतरू नये. मुले हिरमुसली. मग आम्ही सहज विचारले, की इथे किती जणांना पोहता येते? चौतिसांत हात वर झाले तीन. तिघेही पुरुष, तिघेही नदीकाठच्या गावचे.

हा आकडा आम्हाला परतीच्या वाटेवर सतावत राहिला. खेड्यातली मुले पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून. पण विहीर पाटलाची, तळे गावाचे, नदीचा वरचा डोह त्यांचा. ज्या पाण्याला आपल्या सावलीचा विटाळ होत होता, त्यात उडी कोण मारू देणार? २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले, तर पंगतीवर हल्ला झाला, अन्न मातीत मिसळले आणि शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टात निकाली निघाला १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली. पोहणे आजोबांना आले नाही, म्हणून बापाला आले नाही, म्हणून पोराला नाही. आणि पोर पावसाळ्यात मित्रांबरोबर दगडखाणीच्या साचलेल्या पाण्यात उतरते. मग वर्तमानपत्रात दोन ओळी येतात. अशा दोन ओळींसाठी आम्ही स्वतः राजावाडी, सायनच्या शवागारांबाहेर पालकांबरोबर उभे राहिलो आहोत.

पोहणे ही श्रीमंतांची चैन आहे, असे आपल्याकडे बायकाच नव्हे, कार्यकर्तेही म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. महानगरपालिकेचे तलाव आपल्या कराच्या पैशांवर चालतात. दादरला शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी स्मारक तलाव चैत्यभूमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नावावरून कोणी नाक मुरडू नये, पाणी सर्वांचे आहे. चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य तलाव त्या भागातील आपल्या वस्त्यांना जवळ पडतो. डॉक्टरचा दाखला, फोटो आणि पोहण्याचा पोशाख लागतो. महिलांच्या वेळा वेगळ्या असतात आणि शिकवायला प्रशिक्षक असतात. फी एकदम भरायची असते, तिथे अडते. त्यासाठी बचत गटाने दरमहा थोडे बाजूला काढावेत, जसे आपण जयंतीच्या वर्गणीसाठी काढतो. डीजेच्या एका रात्रीत किती मुलांची फी निघेल, हा हिशेब आम्ही कारकून असल्याने करून पाहिला आहे. इथे छापत नाही, जयंती मंडळाच्या बैठकीत मांडू.

सर्वांत मोठी अडचण पैशाची नव्हती, पोशाखाची होती. मुली तयार, आया गप्प. हाताला आणि पायाला पूर्ण झाकणारा नायलॉनचा पोशाख दुकानात मिळतो, तो एकीने आणून मंडळाच्या खोलीत सर्वांना दाखवला तेव्हा बोलणे पुढे सरकले. एप्रिलच्या बॅचला आमच्या वस्तीतून अकरा नावे गेली. सात मुली, तीन मुलगे आणि जॅकेटचे पट्टे साडीवरून कसे बांधायचे असे विचारणाऱ्या त्या काकू. प्रशिक्षकाने त्यांना पहिल्या दिवशी फक्त तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला लावला. दुसऱ्या आठवड्यात त्या कठड्याला धरून पाय मारू लागल्या. मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी कठडा सोडला, आणि चार हात पलीकडे जाऊन तिथूनच आपल्या सुनेला हाक मारली.