मोडलेला खुबा आणि रुग्णालयाची वही

न्हाणीघरात पाय घसरून पडलेली आजी बहुतेकांच्या नात्यात एखादी तरी असते. वय पंचाहत्तर-ऐंशी, हाडे ठिसूळ झालेली. साध्या पडण्याने खुब्याचे हाड मोडते. हाड मोडल्याने कोणी मरत नाही, असे आपण धरून चालतो. पण इंग्लंडमध्ये 2007 साली खुब्याचे हाड मोडून रुग्णालयात आलेल्या वृद्धांपैकी शेकडा 10.9 जण तीस दिवसांच्या आत दगावले होते. 2011 साली हे प्रमाण 8.5 वर आले. म्हणजे दर हजार रुग्णांमागे 24 जीव वाचले. त्यासाठी कोणते नवे औषध शोधावे लागले नाही. मग घडले काय?

आधी मृत्यू का होतात ते पाहू. मोडलेल्या खुब्याचा रुग्ण अंथरुणावर खिळतो. पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला शय्याव्रण होतात, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात. शस्त्रक्रिया पुढे ढकलली की ऐंशी वर्षांच्या माणसाला पुन्हा उपाशी ठेवावे लागते. म्हणून शस्त्रक्रिया लवकर करून रुग्णाला उभे करणे महत्त्वाचे. हे डॉक्टरांना 2007 पूर्वीही ठाऊक होते. तरीही उशीर होई. कधी शस्त्रक्रियागृह मोकळे नसे, कधी हृदयाच्या तपासणीचा निकाल यायचा असे, कधी मध्येच शनिवार-रविवार येई.

2007 साली ब्रिटनमधील अस्थिशल्यविशारदांची व वृद्धरोगतज्ज्ञांची अशा दोन संघटना एकत्र आल्या. त्यांनी उपचारांचे सहा निकष ठरवले आणि खुब्याच्या अस्थिभंगाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. रुग्ण केव्हा आला, शस्त्रक्रिया केव्हा झाली, वृद्धरोगतज्ज्ञाने त्याला पाहिले का, शय्याव्रण झाले का, पुन्हा पडू नये म्हणून काही केले का, अशी प्रत्येक रुग्णाची नोंद होऊ लागली. मुख्य म्हणजे ही माहिती कपाटात गेली नाही. प्रत्येक रुग्णालयाला आपले आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी दिसू लागले.

यालाच क्लिनिकल ऑडिट म्हणतात. ऑडिट म्हटले की शाळेतल्या मंडळींना पावत्यांच्या फायली आठवतील. इथे हिशेब पैशांचा नसून उपचारांचा असतो. कोणता उपचार चांगला, हे संशोधन शोधते; तो उपचार रुग्णापर्यंत पोचला का, हे ऑडिट पाहते. आम्ही संशोधन करणारी माणसे पहिल्या प्रश्नाला मोठा मान देतो आणि दुसऱ्याला कारकुनी समजतो. वरचे 24 जीव पाहिले की ही समजूत सोडून द्यावी लागते.

एखाद्या विभागातील डॉक्टरांना विचारा, ‘तुमच्याकडे उशीर होतो का?’ ‘क्वचित’ असे उत्तर येईल, आणि ते खोटे बोलत नसतील. सुरळीत पार पडलेले दिवस लक्षात राहतात. समजा, वहीत असे दिसले की शुक्रवारी सायंकाळी आलेले बहुतेक रुग्ण सोमवारपर्यंत थांबतात. मग उपायही दिसतो: रविवारी सकाळी एक शस्त्रक्रियागृह राखून ठेवायचे. तो केल्यावर पुन्हा मोजायचे. हे दुसऱ्यांदा मोजणे टाळले, तर पहिले मोजणे वाया गेले.

पण सुधारणा वहीमुळेच झाली कशावरून? चिकित्सक विद्यार्थी हे विचारील आणि त्याने विचारावेच. 2003 ते 2007 या आधीच्या चार वर्षांत मृत्यूचे प्रमाण 11.5 वरून 10.9 एवढेच उतरले होते आणि वेळेत शस्त्रक्रिया होण्याचे प्रमाण जवळजवळ हलले नव्हते. पुढच्या चार वर्षांत दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण शेकडा 54.5 वरून 71.3 झाले. तरी सगळे श्रेय वहीचे नाही. 2010 पासून निकष पाळणाऱ्या रुग्णालयांना प्रत्येक रुग्णामागे जादा पैसेही मिळू लागले होते. अर्थात निकष पाळला की नाही, हे वहीवरूनच कळायचे.

आकड्यांशी जपून वागावे लागते. एखाद्या रुग्णालयात अधिक वयाचे, आधीच हृदयविकार असलेले रुग्ण येत असतील तर तिथे मृत्यू जास्त होणारच. तुलनेपूर्वी हा फरक हिशेबात घ्यावा लागतो. आकड्यांवरून कुणाला शिक्षा होऊ लागली, तर नोंदीच खोट्या होऊ लागतील, अशी भीती आम्हाला वाटते.

आणि लहान संख्या फसवतात. वर्गात करून पाहा. पिशवीत एकाच आकाराचे 90 पांढरे व 10 काळे मणी घाला. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता 20 मणी काढावेत, काळे मोजून फळ्यावर लिहावेत आणि सगळे मणी परत पिशवीत टाकावेत. कुणाला एकही काळा मणी मिळणार नाही, कुणाला चार मिळतील. पिशवी मात्र तीच आहे. आता प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एका रुग्णालयाचा एक महिना आणि काळा मणी म्हणजे मृत्यू असे समजा, आणि यातले ‘वाईट रुग्णालय’ कोणते, असे वर्गाला विचारा.